करोनातली दोन वर्षं आणि मुख्याध्यापकाची खुर्ची

खडूपाटी (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या एका प्रशिक्षणात निवृत्त माणूस म्हणून मागच्या बाकावर बसलो होतो. तासाचं नाव 'आपत्तीतील शालेय नेतृत्व'. मार्गदर्शकांनी पडद्यावर पाच गोल दाखवले, त्यांत संवाद, सहकार्य, तंत्रज्ञान असं काहीबाही लिहिलेलं, आणि मग चहाची सुट्टी. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी २०२० आणि २०२१ ही वर्षं त्याच खुर्चीवर काढलेली. तुम्ही तेव्हा काय केलंत, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. म्हणून धागा काढतोय.

मी त्या काळात डोंगरी भागात केंद्रप्रमुख होतो. हाताखाली जिल्हा परिषदेच्या शाळा, बहुतेक द्विशिक्षकी. शहरातल्यांसाठी सांगतो: आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, निकषानुसार प्राथमिक शाळेचा पट दीडशेच्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. बाकी ठिकाणी दोघांतला सेवाज्येष्ठ तो प्रभारी. तो दोन वर्ग शिकवतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, टपाल (वरून आलेल्या पत्रांना उत्तरं) करतो आणि प्रत्येक कागदावर सही त्याची.

आता घटनाक्रम आठवा. मार्च २०२० च्या मध्याला आधी शहरांतल्या, लगेच गावांतल्या शाळा बंद. २३ नोव्हेंबरला नववी ते बारावी उघडली, तीही सगळीकडे नाही. २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी. दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलूप. जुलैत कोविडमुक्त गावांत आठवीपासून पुढचे वर्ग, ४ ऑक्टोबरला गावांत पाचवीपासून. पहिली ते चौथी सुरू व्हायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीला नाव घातलेलं पोर रीतसर वर्गात बसलं तेव्हा ते दुसरीत होतं. जानेवारीत ओमायक्रॉन आला, परत बंद, २४ जानेवारीला परत सुरू. आणि जवळजवळ प्रत्येक आदेशाच्या शेवटी तेच वाक्य: स्थानिक परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा. हे 'स्थानिक' जिल्हाधिकाऱ्यांपासून निघायचं आणि घरंगळत मुख्याध्यापकाच्या टेबलावर येऊन थांबायचं.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या दोन वर्षांत ज्याने टपाल दुसऱ्याच्या गळ्यात घातलं आणि स्वतः गावात फिरला, त्याची शाळा तगली. जो ऑनलाइन माहितीच्या लिंका भरत बसला त्याची माहिती शंभर टक्के गेली आणि पोरं हातची गेली.

उदाहरण देतो. पठारावरची एक शाळा, प्रभार एका बाईंकडे. रेंज फक्त देवळाच्या मागच्या खडकावर. वरून आदेश होता की किती विद्यार्थी ऑनलाइन शिकतात ते रोज कळवा. बाईंनी आधी घरोघर जाऊन पाहिलं की स्मार्टफोन कुणाकडे आहे आणि तो दिवसा घरी असतो का. हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. फोन बापाच्या खिशात, बाप कामावर. मग त्यांनी तांदळाचा दिवस धरला. शाळा बंद असताना पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य कोरडं वाटायचं होतं, पालक तेवढ्यासाठी नक्की यायचे. बाईंनी प्रत्येक पिशवीबरोबर हाताने लिहिलेली स्वाध्यायपत्रिका दिली. पुढच्या वाटपाला जुनी आणायची, नवी न्यायची. मधल्या दिवसांत वस्तीवर ओट्यावर चार-चार पोरं. रोजची लिंक भरायचं काम त्यांनी धाकट्या सरांना देऊन टाकलं आणि मला फोन करून सांगितलं, "साहेब, माहिती उशिरा आली तर मला बोला, सरांना बोलू नका."

हे वाक्य मला त्या पाच गोलांत कुठे सापडलं नाही. तुमच्या पाहण्यातले मुख्याध्यापक काय करत होते? कौतुकच पाहिजे असं नाही.

दापोलीकर

खडूपाटी सर, आमच्याकडे शाळा 'बंद' नव्हतीच हो. मे २०२० मध्ये मुंबईहून चाकरमानी आले आणि मराठी शाळा झाली विलगीकरण कक्ष. गावात दोन तट. आमच्याच माणसांना शाळेत का कोंडता हा एक, आणि त्यांना घरी जाऊ देऊ नका हा दुसरा. चावी हेडमास्तरांकडे, म्हणून दोन्ही तट त्यांच्या दारात. मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत होतो. त्यांनी एकच केलं: चावी ग्रामपंचायतीत नेऊन दिली, सरपंचांची पोच घेतली, आणि वर्गातली कपाटं स्वतः उभं राहून एका खोलीत हलवून त्या खोलीला वेगळं कुलूप घातलं.

ते कुलूप कामाला आलं. ३ जूनला निसर्ग वादळ. दापोली, मंडणगडात किती शाळांचे पत्रे उडाले ते तेव्हा पेपरात आलंय. आमचेही उडाले. पण जनरल रजिस्टर वाचलं, कारण वादळाचा इशारा आल्यावर हेडमास्तर ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरी घेऊन गेले होते. ज्यांना हे रजिस्टर म्हणजे काय माहीत नाही त्यांनी आपला शाळा सोडल्याचा दाखला काढून बघावा, तो त्यातूनच येतो.

विलगीकरण संपल्यावर शाळा साफ कोणी करायची यावर कुठलाच कागद नव्हता. सफाई कर्मचारी पद नाही. त्यांनी आणि त्यांच्या मिसेसनी केली. हे नेतृत्व की वेठबिगारी ते तुम्ही ठरवा.

मिस_डी

इथे सगळे जिल्हा परिषदेचं लिहिताहेत म्हणून दुसरी बाजू. मी पुण्याजवळच्या एका खासगी इंग्रजी शाळेत शिकवायचे. आमच्या प्रिन्सिपल मॅडमचं काम काय होतं? संस्थेचा निरोप पालकांना सांगणे आणि पालकांचा राग संस्थेला न सांगणे. जून २०२० पासून आमचे पगार निम्मे झाले. ते मॅडमनी झूमवर वाचून दाखवलं, कॅमेरा बंद ठेवून. फी मात्र पूर्ण मागितली जात होती. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने १५ टक्के फीकपातीचा आदेश काढला, तर आमच्याकडे त्यावर 'मॅनेजमेंट विचार करत आहे' एवढंच.

याच मॅडमनी पहिल्या दोन आठवड्यांत अख्ख्या स्टाफला ऑनलाइन शिकवायला शिकवलं हेही खरं. पन्नाशीच्या हिंदीच्या बाईंना स्क्रीन शेअर करता येईना तर रोज रात्री नऊला त्यांच्याबरोबर बसायच्या. मला त्यांचा राग येतो आणि कीवही. 'प्राचार्य संकटातून घडतात' वगैरे ऐकलं की वाटतं, ज्याला पगारपत्रकावर काडीचा अधिकार नाही तो घडून घडून किती घडणार?

आकडेमोड

मिस_डी, तुमच्या शाळेतून किती मुलं बाहेर पडली? 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागात ६ ते १४ वयाच्या मुलांचं सरकारी शाळांतलं प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होतं, ते २०२२ मध्ये ७२.९ झालं. ही मुलं कुठून तरी आलीच असणार.

त्याच अहवालात तिसरीतली, दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २७.३ टक्क्यांवरून २०.५ वर आली. पत्रिका आणि ओटे ठीक आहे, पण एकंदर हिशेब हा आहे.

मिस_डी

पुष्कळ गेली. फी थकली म्हणून दाखला अडवायचा असा तोंडी नियम होता. अडवायच्या कोण? मॅडमच.

खडूपाटी

आकडेमोड, आकडे मान्य. आमच्या केंद्रातही अशी पोरं आली. २०२१ मध्ये शासनाने दाखल्याशिवाय प्रवेश द्या असं सांगितलं, पण सरलवर (सरकारच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत) आधीच्या शाळेने विनंती मान्य केल्याशिवाय पोर आमच्या पटावर दिसायचं नाही. पट नाही तर संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवताना, धरायचे नाहीत. मुख्याध्यापक पोराला वर्गात बसवून घ्यायचे आणि सहा-सहा महिने त्या दुसऱ्या मुख्याध्यापकाला फोन करत राहायचे. मिस_डी यांच्या मॅडम त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला असणार. दोघांच्याही हातात काही नाही.

गणिताचे_सर

मला दहावीच्या २०२१ च्या निकालाबद्दल लिहायचंय. मुख्याध्यापकाची खरी परीक्षा तिथे झाली असं माझं मत आहे.

ज्यांना विसर पडलाय त्यांच्यासाठी: परीक्षा रद्द झाली. शंभरपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनावरून, २० तोंडी-प्रात्यक्षिक वगैरे अंतर्गत. पण ही मुलं नववीत असताना, २०२० च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या सत्राची परीक्षाच झाली नव्हती. आणि दहावीचं वर्ष कसं गेलं ते आपल्याला माहीत आहेच. म्हणजे दोन्ही पाय पोकळ. हे सगळं तपासायला शाळेत निकाल समिती, अध्यक्ष मुख्याध्यापक. राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के.

आमची अनुदानित शाळा, तालुक्याचं गाव. आजूबाजूला गुणांची खैरात चाललेली सगळ्यांना दिसत होती. आमच्या सरांनी समितीत सांगितलं, "जे कागदावर आहे तेच जाईल." उत्तरपत्रिका, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो, वह्या, सगळं काढून बसलो. तेव्हा आम्हा शिक्षकांनाही वाटत होतं की अकरावीसाठी सीईटी होणार आहे, तिथे आमची मुलं भरून काढतील. सीईटी २१ ऑगस्टला होती. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि प्रवेश त्याच गुणांवर झाले. पुण्याच्या नामांकित कॉलेजात जातील अशी आमची जी पोरं होती, ती गेली नाहीत. ज्यांना आम्ही प्रज्ञाशोधच्या वर्गात कधी पाहिलं नव्हतं अशी दुसऱ्या शाळांतली गेली.

सर बरोबर वागले असं मी आजही म्हणतो. पण त्या पालकांसमोर म्हणत नाही.

रेवाकाठ

गणिताचे सर, स्पष्ट लिहिते, राग मानू नका. हा प्रामाणिकपणा सरांचा, पण किंमत पोरांनी मोजली. मोजमापच पोकळ होतं हे तुम्हीच म्हणता. मग पोकळ मोजमाप काटेकोर वापरण्यात कसला बाणेदारपणा? ज्या मुलीकडे फोन नव्हता तिचा फोटो आला नाही म्हणून तिचे ३० पैकी गुण कमी. ती कच्ची होती म्हणून नव्हे.

गणिताचे_सर

राग नाही ताई. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना सरांनी जूनमध्ये गटागटाने शाळेत बोलावून लेखी घेतलं होतं, अंतर ठेवून. ते लिहायचं राहिलं. तुमचा मुद्दा तरीही उरतोच.

रेवाकाठ

हे आधी लिहायला हवं होतं! मग माझा अर्धा आक्षेप मागे. उरलेला अर्धा असा की सर एकटे का ठरवत होते? पालकसभेत, निदान पालक-शिक्षक संघात, 'आपण असं करणार आहोत, शेजारच्या शाळा तसं करतील' हे सांगितलं का?

गणिताचे_सर

नाही. गुप्तता पाळायची सूचना होती.

खडूपाटी

गुण गुप्त ठेवायचे होते. पद्धत गुप्त नव्हती. मंडळाने ती जाहीरच केली होती. सरांना दोष देत नाही, पण त्या काळात सूचनेचा अर्थ जास्तीत जास्त कडक लावायची आम्हा सगळ्यांना सवय लागली होती. वरचा साहेब विचारेल या भीतीने.

गोदातीर

बीडकडं काय झालं ते कोणी लिहिना म्हणून लिहितो. आमच्याकडं दिवाळीच्या पुढं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. पोरं मागं राहावीत म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. शाळाच बंद, तर वसतिगृह कुठून? पोरं गेली कारखान्यावर आईबापासंग. आणि जाणत्या पोरींचं म्हणाल तर लग्नं. लॉकडाऊनमधी लग्न स्वस्त पडायचं, पंगत नाही, मानपान नाही.

आमच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका बाहेरगावच्या. त्यांनी नववी-दहावीच्या सगळ्या पोरींना आठवड्याला फोन लावायचा नेम धरला. अभ्यासाचं नुसतं निमित्त. पोरगी स्वतः बोलली तर ठीक, दोन आठवडे आई नाहीतर चुलतीच बोलली की बाई समजायच्या. कायद्यानं गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक, पण ग्रामसेवकाला त्याच गावात राहायचंय. बाईंनाही राहायचंय म्हणा. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन कोणी केला हे गावाला आजपर्यंत कळलं नाही, आणि मीपण इथं लिहीत नाही.

सगळ्या वाचल्या असं नाही. काही पोरींची नावं हजेरीच्या कॅटलॉगात 'सतत गैरहजर' म्हणून राहिली.

दुसरं, ज्या पोरांचा बाप नाहीतर आई करोनात गेली त्यांना बालसंगोपन योजनेचे पैसे मिळायचे, तेव्हा महिना ११००. फॉर्मसंगं मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आईच्या नावचं पासबुक. त्या बायका घराबाहेर पडायच्या अवस्थेत नव्हत्या. बाईंनी शाळेच्या क्लार्कला तेवढंच काम दिलं दोन महिने.

सावली

नवीन सभासद आहे, सांभाळून घ्या. साथीच्या काळातल्या मुख्याध्यापिका म्हटल्यावर सावित्रीबाईंचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? प्लेगमध्ये शाळा सांभाळता सांभाळता गेल्या त्या.

आकडेमोड

सावली, धाग्यावर स्वागत. थोडी दुरुस्ती. १८९७ च्या प्लेगमध्ये त्या शाळा चालवत नव्हत्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्या पुण्याजवळच्या दवाखान्यात रुग्णसेवा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. भिडेवाड्यातली शाळा १८४८ ची. मुख्याध्यापकांच्या चर्चेत त्यांचं नाव घ्यायला हरकत नाही, पण आजच्या शिक्षकांना 'सावित्रीबाईंनी जीव दिला, तुम्ही सर्व्हे करा' असं ऐकवणारे लोक तेव्हा बरेच भेटले, म्हणून जरा जपून.

सावली

धन्यवाद, माहीत नव्हतं.

तिन्हीसांज

आकडेमोड यांनी सर्व्हेचा विषय काढलाच आहे तर यादीबद्दल लिहिते. तहसीलमधून यायचं: 'कोविड कामासाठी शिक्षकांची नावे आज सायंकाळपर्यंत पाठवा.' चेकपोस्ट, रेशन दुकान, विलगीकरण कक्ष, पुढे 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं घरोघर ऑक्सिजन मोजणं. नावं कोणी लिहायची? मुख्याध्यापकांनी. माझे वडील मुख्याध्यापक होते. पंचावन्नच्या पुढचे आणि आजारी वगळून उरायचे त्यांतून नाव निवडायचं. कुणाचं बाळ लहान, कुणाची आई डायलिसिसवर. बाबांनी पहिल्या यादीत पहिलं नाव स्वतःचं घातलं. वयामुळे ते परत आलं. मग त्यांनी स्टाफसमोर चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. त्यावरही नाराजी झाली, म्हणे जबाबदारी झटकली.

दुसऱ्या लाटेत त्यांच्या स्टाफमधले एक सर गेले. चिठ्ठी निघालेले ते नव्हते, त्यांना घरी लागण झाली. म्हणजे ५० लाखांच्या विम्यातही बसत नव्हते. बाबा निवृत्त झाले तरी त्या घरी भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांसाठी जात राहिले. नेतृत्व वगैरे शब्द त्यांना आवडत नाहीत. मी हा धागा त्यांना वाचून दाखवला तर म्हणाले, पठारावरच्या बाईंनी लिंक धाकट्या सरांना दिली ते ठीक, पण त्या सरांना पासवर्डपण दिला का ते विचार.

खडूपाटी

ताई, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. मुद्दा एकदम अचूक आहे. पासवर्ड दिला होता, आणि एवढ्यावर थांबल्या नाहीत. 'प्रभारीच्या अनुपस्थितीत' म्हणून सहीचा अधिकारही लेखी दिला होता. माझ्या बाकी शाळांत पासवर्ड मुख्याध्यापकाच्या डायरीत आणि डायरी त्यांच्या पिशवीत. सर पॉझिटिव्ह येऊन दवाखान्यात गेले की पोषण आहाराची नोंद बंद.

लेस्टरवाला

इंग्लंडातून. इथे शाळा पूर्ण बंद कधीच नव्हत्या. २० मार्च २०२० नंतरही डॉक्टर, नर्स, दुकानातले कामगार अशांची मुलं आणि ज्यांच्या घरची स्थिती नाजूक अशी मुलं शाळेत येत होती. हेडटीचर पहिल्या दिवसापासून शाळेत. पण एक मोठा फरक म्हणजे मार्चमध्येच ऑफस्टेडच्या (शाळा तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) नेहमीच्या तपासण्या थांबवल्या. तुमच्याकडे तपासणी आणि माहिती मागवणं थांबलं का?

खडूपाटी

थांबलं? हा हा. वाढलं. किती पालकांनी टीव्हीवरची टिलीमिली ही अभ्यासाची मालिका पाहिली, किती जणांनी अभ्यासाचं दीक्षा अ‍ॅप उघडलं, किती सॅनिटायझर शिल्लक. छोट्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान थोडकंच, त्यात लाइटबिल, खडू, आणि आता थर्मल गन, ऑक्सिमीटर. पैसे ग्रामपंचायतीकडून घ्या म्हणायचे. ज्या मुख्याध्यापकाचं सरपंचाशी आधीपासून बरं होतं त्याला मिळाले.

रेवाकाठ

म्हणजे ज्याची आधीची घडी नीट तोच तरला. मग संकटात 'घडले' कोण?

खडूपाटी

रेवाताई, माझ्या केंद्रातले एक गुरुजी सांगतो. कडक. कॅटलॉगात खाडाखोड दिसली की सगळ्यांसमोर बोलणारे. गावाशी संबंध शून्य, पाच वाजता मोटरसायकलला किक. एप्रिल २०२१ मध्ये ते स्वतः आजारी पडले आणि गावातल्याच एका पालकाने ऑक्सिजन बेडसाठी रात्रभर फोनाफोनी केली. जुलैत गावच्या समितीसमोर शाळा उघडायचा ठराव होता. महिनाभर गावात रुग्ण नसावा अशी अट होती, एका घराबद्दल संशय होता. आधीचे गुरुजी असते तर नियम दाखवून मोकळे झाले असते. त्या दिवशी ते त्या घरी गेले, ओसरीच्या बाहेर उभे राहून बोलले, तपासणी करून घ्यायला राजी केलं. शाळा आठवडाभर उशिरा उघडली, पण भांडण न होता.

ते आता पाचला किक मारत नाहीत असं मात्र नाही. मारतात. फक्त पोरांच्या घरची नावं पाठ आहेत.

मिस_डी

आमच्या मॅडमनी २०२२ मध्ये नोकरी सोडली. आता घरी क्लास घेतात. हिंदीच्या बाई अजून तिथेच आहेत, आणि झूम उत्तम चालवतात.

गोदातीर

खडूपाटी सर, त्या हाताने लिहिलेल्या पत्रिका कोणाकडं शिल्लक असतील का? आमच्या बाईंना दाखवायच्यात. ऊसतोडीला जाणारी पोरं अजून जातातच की, करोना असो नसो. पोरासंग पत्रिका द्यायची आणि संक्रांतीला गाडी गावात आली की परत घ्यायची, असं काही जमतं का बघू म्हणतात.

खडूपाटी

पठारावरच्या बाईंची बदली झालीय, पण वह्यांचा गठ्ठा त्यांनी घरी नेलाय हे मला माहीत आहे. आजच फोन लावतो. दुसरी-तिसरीच्या मराठी आणि गणिताच्या आधी मागतो, तुमच्याकडे कोणत्या इयत्तेची पोरं जास्त जातात ते कळवा.